गॉर्गर गप्प का बसलाय?

अगं, तो नवा साउंड बोर्ड मागवू नकोस. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नको. काल फोनवर तू सांगत होतीस की दिवे लागतात, फ्लिपर उडतात, स्कोअर चढतो, फक्त राक्षस बोलत नाही आणि खालून सारखी घरघर येते. मागून जावईबापूंचा आवाजही ऐकला मी, "बोर्डच बदलून टाकू ना, कटकट मिटेल." कटकट मिटत नाही गं. पैसे जातात, नवा बोर्ड बसतो आणि घरघर होती तशीच राहते, कारण दुखणं बोर्डात नव्हतंच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं या जुन्या मशिनींच्या बाबतीत फार होतं. स्पीकर गप्प आहे म्हणून बिघाड स्पीकरपाशीच असेल असं नाही. त्याच्या आधी ट्रान्सफॉर्मर आहे, फ्यूज आहेत, तळापासून हेडपर्यंत, म्हणजे वरच्या उभ्या पेटीपर्यंत, गेलेला वायरींचा जाडजूड जुडगा आहे आणि त्या जुडग्याच्या दोन्ही टोकांना कनेक्टर आहेत. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत चिपा तशा टिकतात. जातात ते सांधे.

तुम्ही दोघांनी काय घरी आणलंय ते एकदा नीट समजून घे. विल्यम्सचं 'गॉर्गर', १९७९ सालचं. बोलणारं पहिलं पिनबॉल मशीन म्हणून त्याचं नाव आहे. शब्द सगळे मिळून सात: गॉर्गर, स्पीक्स, मी, गॉट, यू, बीट, हर्ट. एवढ्या भांडवलावर तो लाल राक्षस खेळणाऱ्याला डिवचतो, धमकावतो आणि मार लागला की कण्हतो. मागे त्याच्या काळजाची धडधड चालू असते आणि खेळ लांबत गेला की ती वेगाने पडायला लागते. त्याआधीच्या बऱ्याच मशिनींत घंटा आणि चाइम असायचे, धातूच्या पट्टीवर खरोखरचा दांडा आपटायचा. त्यामुळे दुसरं एखादं जुनं मशीन मुकं असलं तर मी म्हटलं असतं, राहू दे, सावकाश बघू. गॉर्गर मुका असेल तर तो निम्मासुद्धा उरत नाही.

शिकागोत राहायला लागल्यापासून मला या मशिनींचा नाद लागला, हे तुला माहीत आहेच. विल्यम्स, बॅली, गॉटलीब, सगळे इथलेच. विल्यम्सचा कारखाना ३४०१ नॉर्थ कॅलिफोर्निया अव्हेन्यूवर होता. १९९९ मध्ये त्यांनी पिनबॉलचा धंदा बंद केला. म्हणून आता सुटे भाग मिळतात ते छोट्या दुकानांकडून आणि हौशी लोकांकडून. मिळतात बऱ्यापैकी, काळजी करू नकोस.

आणि ते "हे पुरुषांचं खेळणं आहे" वगैरे जे तुला तुझ्या शेजारणीने ऐकवलं, ते एका कानाने ऐक आणि दुसऱ्याने सोडून दे. गॉर्गरनंतर वर्षभरात बॅलीचं 'झेनॉन' आलं, १९८० ला. त्यातलं संगीत आणि तो बाईचा आवाज, दोन्ही सुझॅन सियानीचं. पिनबॉलमध्ये त्याआधी बाईचा आवाज नव्हता. पुढच्या वेळी शेजारीण आली की सांग तिला.

आता न आवडणारी गोष्ट. भिंतीतला प्लग काढ. नुसता स्विच बंद करून भागत नाही, स्विचपर्यंत १२० व्होल्ट येऊन थांबलेलेच असतात. हेडमध्ये स्कोअर दाखवणाऱ्या काचेच्या डिस्प्लेंना अधिक-उणे १०० व्होल्ट डीसी लागतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो थोडा वेळ रेंगाळतो. चहा करून ये, मग हात घाल. व्होल्टेज मोजायला मशीन चालूच ठेवावं लागतं, त्याला इलाज नाही. त्या वेळी अंगठ्या-बांगड्या काढून ठेव, एक हात खिशात ठेव आणि मोजणारा हात एकच. रात्री मुलं झोपल्यावर, पेंगुळलेल्या डोळ्यांनी हे काम करायचं नाही. तुझा तो स्वभाव मला ठाऊक आहे, "एवढं करते आणि झोपते."

काच काढताना सांभाळून. नाण्यांचं दार उघड, आतली कडी ओढ, पुढची लोखंडी पट्टी उचल आणि काच आपल्याकडे सरकव. ती टेम्पर्ड असते. सपाट भागावर हात टेकला तरी काही होत नाही, पण कोपरा बेसमेंटच्या सिमेंटवर टेकला तर भुगा होतो. गालिच्यावर उभी कर. प्लेफील्ड उचलायच्या आधी चेंडू काढून घे, नाहीतर तो मागे गडगडत जाऊन चित्राच्या काचेवर आपटेल. त्या काचेवरचं चित्र कॉन्स्टंटिनो मिचेलचं आहे आणि ती पुन्हा मिळवताना घाम फुटेल. बाकी काय हवं? साधा मल्टिमीटर, टॉर्च, भिंग, सोल्डरिंगची बारीक टोकाची इस्त्री आणि मोबाइल. कुठलाही कनेक्टर ओढायच्या आधी फोटो काढायचा. जावईबापूंना टॉर्च धरायला बसव, म्हणजे बोर्ड मागवायला त्यांचे हात मोकळे राहणार नाहीत.

हेड उघडलंस की सगळ्यात आधी बॅटऱ्या बघ. मुख्य बोर्डावर तीन डबल-ए सेल असतात. हिशेब आणि सेटिंग लक्षात ठेवायला लावलेले. विसरलेले अल्कलाइन सेल फुटतात आणि त्यातला रस तांब्याच्या रेषा खात खाली उतरतो. पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर सेल काढून टाक, पांढऱ्या व्हिनेगरने तेवढी जागा पूस, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धू आणि वाळू दे. भुकटी नसली तरी सेल तिथून काढच. वायर लावून बाहेर लोंबता ठेवता येईल असा होल्डर स्वस्तात मिळतो.

मग फ्यूज. फ्यूज डोळ्यांनी तपासायचा नाही. काढायचा, मीटर बीपवर ठेवायचा आणि दोन्ही टोकांना लावायचा. जागेवर असताना तपासलास तर दुसऱ्या वाटेने करंट फिरून मीटर खोटं बोलतो. प्रत्येक फ्यूजवरचा आकडा मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवून बघ, कारण आर्केडमध्ये ही मशीनं दिवसभर पैसे कमवायची आणि फ्यूज उडाला की कुणीतरी हाताला लागेल तो, किंवा चक्क चंदेरी कागद गुंडाळलेला फ्यूज ठोकून द्यायचा. जाड फ्यूज म्हणजे आग लागायची सोय. फ्यूज धरणाऱ्या पितळी चिमट्याही दाबून बघ. सैल झाल्या असतील तर फ्यूज चांगला असूनही करंट पुढे जात नाही.

हे झालं की आवाजाकडे ये. आधी ऐक. नुसतं ऐक. व्हॉल्यूमचा पॉट नाण्यांच्या दाराच्या आत असतो, हेडपासून लांब. म्हणजे आवाजाची वायर हेडमधून खाली येते, पॉटमधून फिरते आणि परत जाते. मशीन चालू कर आणि तो पॉट सावकाश फिरव. घरघर त्याबरोबर कमी-जास्त होत असेल तर तिचं मूळ पॉटच्या आधी आहे. पॉट कसाही फिरवला तरी घरघर तेवढीच असेल तर मूळ पॉटच्या पुढे, म्हणजे अँप्लिफायरमध्ये किंवा त्याला मिळणाऱ्या वीजपुरवठ्यात. एका बोटाच्या कामात अर्धं मशीन संशयितांच्या यादीतून बाद होतं.

फिरवताना खरखर झाली, मधेच आवाज आला आणि गेला, तर पॉटच मळलाय. वर्षानुवर्षं एकाच जागी ठेवलेला असतो, त्याच्या आतल्या कार्बनच्या पट्टीवर काळपट थर धरतो. मशीन बंद करून पॉटच्या पाठीवरच्या फटीतून काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मार आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा फिरव. सुरुवातीला बोटांना खडखडीत लागेल, मग एकदम मऊ होईल. तेवढं झालं की पुसून वाळू दे. डब्ल्यूडी-४० मारू नकोस हं. ते घराच्या बिजागऱ्यांना.

घरघरीचा सूरही ओळखता येतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. ती डायोडमधून सरळ केली की तिच्यावर १२० हर्ट्झची लहर उरते. ती लहर गिळायचं काम फिल्टर कपॅसिटरचं. कपॅसिटर आतून सुकला की गिळत नाही आणि तीच लहर स्पीकरमधून भरड, जाड घरघर होऊन बाहेर येते. भारतात वीज ५० ची, तिथे हीच घरघर १०० वर येते. त्याहून खाली, अगदी खर्जात, ६० वर गुणगुण असेल तर बहुतेक अर्थिंगची भानगड. हेड आणि खालची पेटी यांना जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी असते. मशीन हलवताना हेड उतरवतात आणि परत बसवताना ती पट्टी लावायचीच राहते. तुमचं मशीन ओहायोहून ट्रेलरवर आलंय ना? मग ती पट्टी आज बघ. स्क्रूखाली गंज असेल तर पॉलिश पेपरने घासून परत कस. पैसा लागत नाही.

या पिढीच्या साउंड बोर्डाला वेगळा वीजपुरवठा असतो. ट्रान्सफॉर्मरकडून त्याला थेट एसी मिळतो आणि तो स्वतःच तो सरळ करून १२ आणि ५ व्होल्ट बनवतो. म्हणूनच बाकीचं मशीन व्यवस्थित खेळत असताना आवाज एकटा मरू शकतो. मुख्य बोर्डावरचा ५ व्होल्ट ठीक आहे, यावरून साउंड बोर्डावरचा ठीक असेल असं समजू नकोस. तिथे वेगळा मोज. ४.९ ते ५.१ च्या आसपास हवा. मग त्याच जागी मीटर एसीवर कर; जवळजवळ शून्य यायला हवं. तिथे लक्षात येण्याजोगा आकडा दिसला तर समज, कपॅसिटर सुकलाय. नवा घालताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच, व्होल्टचा आकडा तोच किंवा वरचा, १०५ डिग्रीचा. आणि उणेची पट्टी उणेकडेच. उलटा लावलास तर फुटतो, बंदुकीच्या बारासारखा नसला तरी हृदय बंद पडायला पुरेल एवढा.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, जी विकणाऱ्याने तुला सांगितली नाही कारण बहुधा त्याला ठाऊकच नव्हती. साउंड बोर्डावर एक छोटं बटण आहे. ते दाबलं की बोर्ड बाकीच्या मशीनला न विचारता स्वतःची चाचणी घेतो आणि आपले आवाज वाजवून दाखवतो. मशीन चालू, एक हात खिशात, दुसऱ्या हाताच्या एका बोटाने ते दाब.

वाजलं, तर टाळ्या वाजव. बोर्ड जिवंत, अँप जिवंत, पॉट आणि स्पीकर जिवंत. नव्या बोर्डाचे पैसे वाचले. मग बिघाड बोर्डापर्यंत निरोप आणणाऱ्या वायरींत आहे. त्याकडे आपण येऊच.

नाही वाजलं, तर स्पीकरपासून मागे ये. मशीन बंद करून स्पीकरची एक वायर सोडव आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर त्याच्या दोन टोकांना टेकव. टक् असा आवाज आला आणि कागद हलला की स्पीकर ठीक. नाही आला तर बदल, स्पीकर स्वस्त असतो, फक्त ओहमचा आकडा जुन्यावरचाच घे. स्पीकर ठीक आणि तरी बटण मुकं, तर ५ आणि १२ व्होल्ट. तेही ठीक, तर अँपची चिप बघ. टीडीए २००२ म्हणून एक पाच पायांची चिप आहे, पाठीला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लावलेली. तिचे पाय बोर्डाला जिथे डाग दिलेत तिथे भिंग लाव. त्या पत्र्याच्या वजनाने आणि तापून-निवून ते डाग तडकतात.

डाग तडकला म्हणजे कसा दिसतो ते नीट सांगते, कारण या मशीनमधलं निम्मं दुरुस्तीशास्त्र एवढ्यातच आहे. बोर्ड काढ, उलटा कर, टॉर्च तिरका धर, सरळ वरून नको. ज्या पिनांवर बाहेरचा कनेक्टर बसतो त्यांच्या ओळीवरून भिंग हळूहळू सरकव. चांगला डाग पिनेकडे चढत गेलेला, चकचकीत असतो. तडकलेल्यात पिनेभोवती एक बारीक काळी कडी दिसते, केसाएवढी. पुढच्या बाजूने पिन बोटाने जरा ढकल. मनगटात सैल झालेल्या बांगडीगत ती त्या कडीत हलेल. एवढंच. मीटर लावलास तर बीपही वाजेल, कारण लावताना तू पिन दाबतेस आणि ती टेकते. चेंडू बम्परवर आदळला, मशीन हादरलं की सुटते. म्हणूनच "कधी चालतं, कधी नाही". इस्त्री गरम कर, जुनं कथील ओढून काढ, नवं दे. त्यावरच नवा थर चढवू नकोस. आतली चीर तशीच राहते.

आता बटण दाबल्यावर वाजलं पण खेळताना वाजत नाही, किंवा भलतंच वाजतं, हा दुसरा प्रकार. मला तोच जास्त आवडतो. मुख्य बोर्डाच्या खालच्या ड्रायव्हर बोर्डाकडून साउंड बोर्डाकडे पाच वायरी जातात. मॅन्युअलमध्ये त्या सोलेनॉइडच्या यादीत, ९ ते १३ नंबरांत दिसतील. बघून गोंधळू नकोस, तिथे कॉइल नाहीत, आवाजाचे निरोप आहेत. पाच वायरींची किंमत धर १, २, ४, ८ आणि १६. मुख्य बोर्डाला तेरा नंबरचा आवाज हवा असेल तर तो ८, ४ आणि १ च्या वायरी एकदम ओढतो. असे मिळून ३१ आवाज. आता समज ४ ची वायर तुटली. तेरा मागितला तर साउंड बोर्डाला ऐकू येतं नऊ, आणि तो इमानेइतबारे नवाचा आवाज वाजवतो. मशीन मुकं होत नाही, चुकीचं बोलतं. ३१ पैकी ज्या १६ आवाजांत ४ आहे ते सगळे बिघडतात, त्यातला नुसत्या ४ चा तर वाजतच नाही, आणि उरलेले १५ अगदी बरोबर येतात. लोक इथेच फसतात. पंधरा आवाज बरोबर येतायत म्हणजे वायरिंग ठीक असणार, मग रॉम चिप खराब झाली असेल, अशी त्यांची समजूत होते. तू मात्र कागद घे आणि कुठला आवाज बरोबर, कुठला चूक ते लिही. चुकलेल्या सगळ्यांत एकच आकडा सामाईक निघाला की ती वायर सापडली.

याच्या उलटही होतं. ड्रायव्हर बोर्डावरचा एखादा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की ती वायर कायम जमिनीला टेकून राहते. मग एकच आवाज अडकतो किंवा नवा निरोप पोचतच नाही. मशीन बंद असताना पाचही वायरींचा जमिनीशी रोध मोज आणि एकमेकांशी ताडून बघ. चार जणी एक आकडा सांगतायत आणि पाचवी शून्याच्या जवळ, तर तीच.

या पाच वायरींच्या आधी अजून एक जागा आहे, जिच्यावर माझा कायमचा संशय. मुख्य बोर्ड आणि त्याच्याखालचा ड्रायव्हर बोर्ड यांच्यामध्ये चाळीस पिनांचा थेट जोड असतो. एका बोर्डाच्या पिना दुसऱ्याच्या सॉकेटमध्ये. आवाज, कॉइल, दिवे, स्विच, सगळ्यांचे निरोप तिथूनच जातात. या पिढीचं कुठलंही विल्यम्स मशीन चक्रम वागायला लागलं की जाणते लोक पहिला हात तिथे घालतात. दोन्ही बोर्ड काढून तो जोड एकदा सोडव आणि परत बसव. त्याने फरक पडला तर समजून जा. त्यावर खुश होऊन थांबू नकोस, दोन आठवड्यांनी परत येईल. नवे नर-मादी कनेक्टर मिळतात. काम किचकट आहे, चाळीस डाग काढून चाळीस घालायचे, पण एकदाच करायचं. चिपांची जुनी सॉकेटंही याच जातीची. चिप अलगद दोन्ही बाजूंनी उचकटून परत दाबली की पाय घासले जातात आणि पुष्कळदा तेवढ्यानेच आवाज येतो. फक्त खाच कुठल्या बाजूला होती त्याचा फोटो काढ.

गॉर्गरच्या बोलण्याचा बोर्ड वेगळा आहे, साउंड बोर्डाला चपट्या वायरीच्या पट्टीने जोडलेला. बम्परचे आवाज येतात, धडधड येते, पण शब्द येत नाहीत, असं असेल तर ती पट्टी काढून, टोकं पुसून परत लाव. शब्द येतात पण घशात वाळू अडकल्यागत, तर आधी तिथला वीजपुरवठा आणि कपॅसिटर. आणि खरं सांगू? थोडा घोगरेपणा त्याचा स्वतःचाच आहे. त्या काळी स्मृतीची चिप महाग, म्हणून माणसाचा आवाज एक-एक बिटमध्ये कोंबून ठेवायचे. टीव्हीवरच्या निवेदकासारखा स्वच्छ बोलेल अशी अपेक्षा ठेवून दुरुस्त करायला बसशील तर जन्म जाईल.

प्लेफील्डखालचं बघायचं राहिलं. उचलल्यावर घाबरू नकोस. रंग पाठ असले की निम्मं कळतं. विल्यम्समध्ये स्विचच्या उभ्या ओळींना हिरव्या वायरी, आडव्यांना पांढऱ्या. दिव्यांच्या उभ्यांना पिवळ्या, आडव्यांना लाल. त्यावर वेगवेगळ्या रंगांच्या बारीक रेघा. या रंगसंगतीत न बसणारी, मधेच टेपने गुंडाळलेली वायर दिसली की ती आधीच्या एखाद्या मालकाची करामत. ती लगेच तोडू नकोस. फोटो, मग ती कुठून कुठे जाते ते मॅन्युअलमध्ये शोध, मग ठरव. कॉइलला डाग दिलेल्या वायरी हळूच ओढून बघ, दणके खाऊन तिथे तुटतात. प्रत्येक कॉइलवर एक डायोड असतो, त्याचा एक पाय सुटला असेल तर कॉइल बंद होताना मागे उसळणारा व्होल्टेज ट्रान्झिस्टर मारतो, आणि कधी कधी खेळता खेळता मशीनच परत सुरू होतं. आवाज मधेच कापला जाण्याचं कारण हेही असू शकतं. आणि कुणी हात लावला नसताना एखादा आवाज आपोआप वाजत राहिला तर साउंड बोर्डाला शिव्या देऊ नकोस, रबरामागची एखादी पितळी पाती चिकटलीय. स्विचच्या टेस्टमध्ये तिचा नंबर दिसेल.

चालू मशीनमध्ये कॉइलची भुणभुण ऐकू आली, जळका वास आला, तर विचार करत बसू नकोस. प्लग ओढ. आधी ओढ, मग मला फोन कर.

जुने बोर्ड, जुन्या चिपा, सुकलेला कपॅसिटरसुद्धा, काहीही टाकू नकोस. चिठ्ठी लावून डब्यात ठेव. उद्या कुणी तुझ्या मशीनवर काम केलं तर त्याला काय बदललंय ते कळायला हवं, आणि तुलाही.

तर आज एवढंच कर. अर्थिंगची पट्टी बघ, फ्यूज काढून मोज, पॉट फिरवून घरघर ऐक आणि ते बटण दाब. चाळीस पिनांना आज हात लावायचा नाही, तो बेत मी आल्यावर. साउंड बोर्डावरचे ५ आणि १२ व्होल्टचे आकडे, डीसीवरचे आणि एसीवरचे, मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव, आणि बटण दाबल्यावर काय झालं त्याचा आवाज रेकॉर्ड करून. बटण वाजलं तर कागदावर ३१ आकडे उतरवून ठेव, शनिवारी फोनवर एक-एक करून बघू. माझी इस्त्री, भिंग आणि कथील मी घेऊन येते. तू फक्त काँटॅक्ट क्लीनर आणून ठेव.